नाव माह्यं, टाका भाऊचा

नवी पर्स आली का भाऊ तिची चेन उघडत, तोंड आत घालत अन एक लांब वास घेत. मंग डोळे मिटूनच सांगत, "बाई हिशोबी होती." नाहीतर म्हनत, "हिनं लय रडनं केलं, लेका. ओल्या रुमालाचा वास मुरला हाय."

मी म्हनो, "भाऊ, पोट्टेपाट्टे किती होते तेबी सांगा."

"थांब," म्हनत, अन पुन्हा नाक घालत.

नवी म्हनजे आपल्याले नवी. तशा त्या पर्सा जुन्या. फ्रान्सच्या, इटलीच्या, कोन्यातरी मडमेच्या खांद्यावरून उतरलेल्या, अस्सल चामड्याच्या. त्यायची किंमत आयकली त तुमी म्हनसान, एवढ्यात दुभती म्हैस येते. त्या मुंबईच्या एका जुन्या सामानवाल्याकून माह्या दुकानात येत. माह्यं दुकान पंक्चरचं, मेडशीच्या फाट्यावर. टायर, ट्यूब, हवा, अन मांगं टिनाची एक खोली. त्या खोलीत भाऊ बसत.

भाऊचं नाव मी सांगत नाही. काहून सांगत नाही, ते पुढं येईनच. मोठ्या घरचा मानूस. वावर हाय, वाडवडलाचं नाव हाय, लग्नात पयल्या पंगतीत पाट हाय. नोकरी एसटीच्या वर्कशॉपात, गाड्यायच्या सीटा शिवाची. सीट रेक्झिनची राह्यते, तवा घरच्यायले चालून गेलं. सरकारी नोकरी म्हटल्यावर कोन इचारते का हातात सुई हाय का पेन? पन रिटायर झाल्यावर भंगारवाल्याच्या गाड्यावर त्यायले एक फाटकी पर्स दिसली, अन मानूस तिच्यात गुतला. तसं चामडं त्यानं कदी पाह्यलंच नव्हतं. मोबाईलवर पाहू पाहू सारं शिकले. कडेले रंग कसा द्याचा, पितळीचं बक्कल कसं उजळाचं, चिकट झालेलं अस्तर कसं काढाचं.

आता हे घरी करता येत नव्हतं. त्यायच्या घरी चामड्याची वहान दाराबाहेर राहे. तिथं पाटलाच्या तोडीचा मानूस मांडीवर कातडं घेऊन घासत बसला त भाऊबंदायनं तोंडात शेन घातलं असतं.

म्हनून ते माह्याकडे आले. "तुह्या नावानं पार्सल मांगवतो," म्हनाले. "तुले काय, तुह्यं चालते."

माह्यं चालते, कारन आमचं घरच चामड्याचं. माह्या बापानं साऱ्या पंचक्रोशीच्या वहाना शिवल्या. बापाचा हात असा, का बैल लंगडला तरी लोकं आधी बापाले बोलवत, मंग डाक्टरले. अन त्याचा हा दिवा? शाळेत दोनदा घातला, दोन्ही बार मास्तरच्या आधी घरी आला. बापाची आरी हातात धराची लाज वाटे, म्हनून पंक्चर शिकलो. चामड्याले जात हाय राजेहो, रबराले नाही. हवा सारेच भरते.

तवा पाहा कसं जमलं. ज्या कामातून मी पळालो, ते कराले भाऊ चोरून माह्याच खोलीत येत.

पार्सल घेऊन येनारा पोट्टा मोठा बेशरम. फाट्यावर एसटीची वाट पाहत पन्नास लोकं उभे, अन हा मोटरसायकलवरूनच बोंबले, "ओ पंक्चरवाले! तुमची लेडीज पर्स आली!" लोकं माह्या तोंडाकडे पाहत. तोंडावर ग्रीस, दाढी वाढेल, अन पर्स लेडीज. एक बुढा म्हनाला, "लेका, आता खांद्यालेबी लाव."

बातमी घरी पोचाले किती वेळ लागते? बायको दुकानात आली. डोक्यावर पदर, हातात उलथनं.

"कोनाले देता वो ह्या पर्सा?"

"कोनाले नाही देत."

"मंग सोता घेऊन मिरवता काय?"

तिनं पर्स उलटी केली, त्यातून लाल लिपस्टिकचा जुना तुकडा पडला. त्या दिवशी उलथन्याचा उपयोग भाजी सोडून झाला. मारता मारता तिचा डोळा टिनाच्या फटीतून आत गेला. आत मोठ्या घरचा भाऊ नुसत्या बनियनवर बसेल, मांडीवर पर्स, तोंडात मेन लावलेला दोरा. तिनं उलथनं खाली घेतलं. बाहेर येऊन हळूच म्हनाली, "अगाई." मंग च्या मांडला. तिनं हे कदीच कोनाले सांगितलं नाही. मले मात्र सॉरीबी नाही म्हटलं.

भाऊ पर्स इकत घेत तेबी पाहासारखं होतं. मुंबईवाला मोबाईलवर माल दाखवे अन भाऊ बाजारात बैलाचे दात पाह्यल्यासारखे करत. "उलटी धर. खालचा कोपरा दाखव. आता आतली शिवन. टाका तिरपा हाय का सरळ?" टाका सरळ, मशीनचा दिसला का म्हनत, "नकली हाय बावा, दुसऱ्याले फसव." आलेली पर्स पयले ते ओल्या फडक्यानं पुसत. मंग घरचा सरकी काढलेला कापूस आत भरत, म्हनजे दबलेलं अंग वर येये. कापूस दाबता दाबता तिच्याशी बोलत. "ये, उठ. उठ बाई. लय दिवस दबून राह्यली."

एकदा त्यायले मदत करावं म्हनून मी काय केलं, एका पर्सचा तुटका पट्टा सोल्युशन लावून चिकटवला अन वरतून ट्यूबचं ठिगळ मारलं. लय मजबूत. ट्रकबी चालला असता. भाऊनं पाह्यलं. खुर्चीवर बसले अन डोक्याले हात लावला. मंग म्हनाले, "तुह्या बापानं हे पाह्यलं असतं त तुले हवा भरून सोडला असता."

संध्याकाळी काम झालं का भाऊ आंघोळ करत. चामडं शिवलं, आता तसंच घरात जाता येत नाही, देव हायत. दुकानामांगं टाकी होती. मी बादली भरून देओ, थंडीत पानी गरम करून देओ, पाठीवर तांब्या वतो. ते कपडे बदलत अन घरी जात. म्हनजे पाहा, माह्या खोलीत येऊन बाटत अन माह्याच पान्यानं शुद्ध होत. मी हसून हसून हे बायकोले सांगो. ती हसे नाही. म्हने, "तुमाले काहीच वाटत नाही काय वो?" वाटे. पन वाटलं का मी हसो, मले दुसरं येतेच काय?

पर्सा नागपूरच्या एका बाईले जात. तिचं जुन्या किमती वस्तूचं दुकान. तिले माह्यं नाव माहीत, फोनवर कारीगर कारीगर म्हने. एक दिवस न सांगता तिची पांढरी गाडी फाट्यावर थांबली.

भाऊ तवा उजेडात रंग पाहाले पर्स घेऊन बाहेर आले होते. गाडीतून बाई उतरताना दिसली अन त्यायनं पर्स माह्या हातात कोंबली. गिऱ्हाइकाच्या बाकड्यावर जाऊन बसले, हात मांडीखाली.

बाई माह्याजवळ आली. "तुम्हीच ना ते?"

मी भाऊकडे पाह्यलं. भाऊ रस्त्याकडे पाहून राह्यले होते.

"हो," म्हटलं.

तिनं माहे दोन्ही हात धरले राजेहो. टायरच्या काळ्यानं भरेल हात. तिले वाटलं तो रंग हाय. "किती वर्षांची मेहनत असेल ही," म्हने, अन फोटो काढला. "किती पिढ्यांचं काम आहे?"

मी काही म्हनाच्या आधी भाऊच बोलले, रस्त्याकडे पाहत, "बापजाद्यापासून हाय, मॅडम. यायच्या रक्तातच हाय."

"आणि तुम्ही?"

"मी पंक्चर काढाले आलो."

"गाडी कुठंय?"

गाडी नव्हतीच. भाऊनं कोपऱ्यातल्या एका सायकलकडे बोट केलं. तिले सीट नव्हती, चाकबी एकच होतं. बाई भली, काही बोलली नाही.

मंग म्हने, "मला एक टाका घालून दाखवा ना. दोन सुयांचा, तुम्ही घालता तसा."

मी म्हटलं, "आज अमावस्या हाय बाई. आमच्यात अमावस्येले आरी लावत नाहीत." असं आमच्यात काही नाही. बाप त अमावस्येले दोन वहाना जास्त शिवे. पन बाई लय खूश झाली. "केवढी ही परंपरा!" म्हने, अन तेबी मोबाईलमंदी लिहून घेतलं.

गाडी गेली. मी रोजच्यासारखी बादली भराले उठलो. भाऊ म्हनाले, "राहू दे."

"भाऊ, आंघोळ?"

"राहू दे म्हटलं ना." मंग म्हनाले, "तिनं तुहे हात धरले, लेका. मले म्हनाचं होतं, बाई, इकडे पाहा. एवढंच. तोंड उघडलं अन त्यातून तुह्या बापजाद्याचं नाव निघालं. त्यायच्या मांगं लपलो मी." ते तसेच घरी गेले, रंगाच्या हातानं.

दुसऱ्या दिवशी आले ते दोन आऱ्या घेऊन. "बस," म्हनाले. "पर्स तुह्या नावानं जाते त तुह्या हातची असली पाह्यजे. निदान तेवढं त खरं करू."

बाप मेल्यावर मले माह्या बापाचं काम शिकवाले मोठ्या घरचा मानूस बसला. दोन सुया एकाच भोकातून समोरासमोर काढाच्या. माह्या दोन्ही सुया माह्याच बोटात भेटत. भाऊ म्हनत, "चामडं डाव्या हातात हाय. ते उजवं, ते बोट हाय तुह्यं." मी शिकलो नाही. जुन्या पट्ट्याच्या तुकड्यावर माहा टाका असा जाये, जसा कोनी पिऊन घरी चालला. तरी भाऊ रोज बसवत. अन त्या दिवसापासून त्यायनं आंघोळीचं पानी मांगतलं नाही. एकदा काम करता करता म्हनाले, "पोरीचं लग्न होऊ दे. मंग मीच नागपूरले फोन लावतो. सांगतो, मी करतो म्हनून."

"नाव सांगसान?"

"पुरं सांगीन. बापाच्या नावासकट."

पोरीचं लग्न जमाच्या आधीच भाऊ गेले. सकाळी वावरात गेले, धुऱ्यावर बसले, ते उठलेच नाहीत. मातीले सारं गाव होतं. भाषनं झाली. कोनी म्हने इमानदारीनं नोकरी केली, कोनी म्हने वावर सांभाळलं, कोनी म्हने घरान्याची शान राखली. मी मांगं उभा होतो. पर्सेचं कोनी बोललं नाही, कोनाले माहीतच नव्हतं. ज्याले माहीत होतं त्याच्या तोंडात त्या दिवशी एक जोकबी नव्हता.

काही दिवसानं नागपूरच्या बाईचा फोन आला. तिथं जुन्या कारीगरीचं प्रदर्शन होतं. एक तपकिरी पर्स काचेत ठेवाची, खाली कारीगराचं नाव. मी तिले सारं सांगितलं. मी नाही, ते. ते बाकड्यावरचे. बाईनं सारं पुन्हा एकदा इचारून घेतलं. मंग म्हने, "मग त्यांचंच नाव लावू. घरच्यांना विचारा आणि मला पूर्ण नाव कळवा."

मी भाऊच्या पोराकडे गेलो. त्याचं खताबियान्याचं दुकान हाय. त्यानं मले दुकानामांगं नेलं, पोत्यायच्या आड.

"काका, मले माहीत हाय," म्हनाला. "बाबाच्या कपड्यायले वास येये. पन बहिनीची सोयरीक चालू हाय. पाहुने काय म्हनतीन? नाव नका देऊ."

"बापू, भाऊ म्हनत होते..."

"तुमचंच नाव राहू द्या ना. तुमाले काय फरक पडते? तुमच्यात चालते."

बाप जे बोलला तेच पोरगं बोललं. अन मी काय केलं? हसलो. "हो बापू," म्हटलं. हात जोडले अन हसतच रस्त्यानं आलो. बाईले कळवलं, घरचे नाही म्हनतात. तिनं नाइलाजानं माह्यं नाव लावलं. अन भाऊचं नाव मी इथंबी सांगितलं नाही.

पर्सेचा फोटो पेपरात आला. मले वाचता येत नाही, बायकोनं वाचून दाखवला. माह्यं नाव, बापाचं नाव, गाव मेडशी. 'पिढीजात कला' असं लिवेल होतं. बायको 'पिढीजात'वर थांबली अन पेपर घडी करून ठेवून देला. मले म्हनाली, "सत्काराले बोलवलं त जाऊ नका."

पन ग्रामपंचायतीनं बोलवलं. सरपंच सोता घ्याले आले, त मी गेलो. मंडप लहान, पन स्पीकर मोठा. जे लोकं पर्सेवरून हसत, तेच पुढं टाळ्या वाजवत. तो बुढाबी होता. नारळ, शाल, अन हार घालाले गावातला मोठ्या घरचा मानूस पाह्यजे, म्हनून भाऊच्या पोराचं नाव पुकारलं.

तो आला. दोन्ही हातात हार धरून माह्यासमोर उभा राह्यला. आमी एकमेकाकडे पाह्यलं. त्याचे डोळे भरले होते. माइक माह्या तोंडापासून एका हातावर होता.

मी मान खाली घातली. लोकायले वाटलं, हार घ्याले घातली.