पाण्यात सोडलेली नावं

सत्तरच्या दशकात पवनीला फिरत्या टॉकीजचा तंबू लागला होता. जुन्या सिनेमाच्या सुरुवातीच्या, नटांच्या नावांच्या पाट्यांचं रीळ जळालेलं, म्हणून मशीनवाल्यानं पाट्या स्वतःच नव्यानं केल्या. काचेवर शाईनं नाव लिहायचं, बशीतल्या चहावर फुंकावं तसं फुंकून वाळवायचं आणि ती काच मशीनच्या झोतापुढं ठेवलेल्या, पाणी भरलेल्या काचेच्या डब्यात सोडायची. पडद्यावर हिरोचं नाव उमटलं, डोललं आणि धुरासारखं विरघळलं. मी ते मोठ्यानं वाचलं.

तेवढ्यात एक म्हातारी किंचाळली, "जित्या मानसाचं नाव पान्यात कायले सोडून राहिला रे?"

कोणी गेलं की आमच्याकडे नाव घेऊन राख वैनगंगेत सोडतात. बायका उठून निघाल्या.

मशीनवाला रागावला नाही. "थांबा जी, आता माहं पाहा," म्हणाला. कोऱ्या काचेवर त्यानं स्वतःचं नाव लिहिलं, सवयीनं फुंकलं आणि पाण्यात सोडलं. एकेक अक्षर विरत गेलं.

"आहो ना मी उभा?"

हळूहळू सगळे खाली बसले.

त्याचं नाव मी नीट वाचलं होतं. आजही ते तोंडातून निघत नाही; घेतलं तर त्यालाच पाण्यात सोडल्यासारखं होईल, असं वाटतं.