पास झालेली गाडी

आमची तुकडी तेव्हा गडचिरोलीच्या जंगलात रस्ता बांधत होती. मी वर्कशॉपचा हवालदार, गाव भद्रावती. पाहणीच्या आदल्या दिवशी आम्ही अॅम्ब्युलन्सची चाकं उतरवली. बेअरिंग आणि सील धुऊन पांढऱ्या चादरीवर मांडली.

सील म्हणजे रबरी कडी. ती बेअरिंगमधलं ग्रीस आत आणि नाल्याचं पाणी बाहेर ठेवते. मात्र बसवताना तिच्या कडेला ग्रीस लावावंच लागतं. कोरडी फिरली की जळते. मी लावलं. सुभेदार साहेबांनी ते पेट्रोलच्या फडक्यानं पुसायला लावलं. पाहणीचे साहेब पांढरे हातमोजे घालून बोट फिरवत, आणि मोज्याला डाग पडला की आमची धडगत नसे.

"साहेब, कोरडं बसवून चालत नाही."

"हुकूम है, हवालदार."

दुसऱ्या दिवशी चाकं पाहणीच्या साहेबांसमोरच तशी कोरडी चढली. गाडी पास झाली. संध्याकाळी मी ती पुन्हा खोलायची परवानगी मागितली.

"पास हुई गाडी खोलेगा? दिमाग ठिकाने पर है?"

थोड्याच दिवसांत त्याच गाडीचा ड्रायव्हर नायक सलीम शेख वर्कशॉपला आला. चंद्रपूरकडच्या सावली गावचा माणूस.

"भाऊ, मागचं चाक लय गरम होऊन राह्यलं. हात लावू देत नाई."

त्याला घेऊन सुभेदारांकडे गेलो. उत्तर तेच. असा संताप आला की पाना फेकून द्यावासा वाटला.

मग सलीमलाच मलेरिया झाला, आणि ताप मेंदूत चढला. चंद्रपूरला न्यायला त्याचीच गाडी निघाली, चालवायला दुसरा जवान. मी सोबत होतो. वैनगंगेच्या अलीकडच्या नाल्यात मागचं चाक जाम झालं. मी रेडिओ घेतला.

"हब जाम. दुसरी गाडी पाठवा. ओव्हर."

"गाड्या साइटवर आहेत. थांबा. ओव्हर."

थांबलो. सलीमनं डोळे उघडले.

"चाकच ना, भाऊ?"

"हो."

"मी सांगतलं होतं."

दुसरी गाडी आली तेव्हा तो गेला होता. मी रडलो, आणि रडताना शिव्याही दिल्या. रिपोर्टात कारण लिहिलं गेलं, खराब रस्ता.

नंतर सावलीला त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं विचारलं, "गाडी काऊन बंद पडली? पास झाली म्हणून खूश होते ते."

मी सगळं सांगितलं. ग्रीस, फडकं, मोजे.

"साहेबाच्या मोज्यासाठी?"

"हो, बाई."

सलीमला गोळी लागली नव्हती, म्हणून युनिटच्या स्मारकावर त्याचं नाव नाही. इथे लिहितो: नायक सलीम शेख, ड्रायव्हर, सावली.