मोठा फॅन आणि शैलाअक्काचं नाक

"आला बघा मॅडम! लसूण आणि लिंबू. बरोबर?"

अगदी बरोबर होतं. मी एका परक्या घराच्या बाथरूममध्ये, कमोडच्या झाकणावर चढून, वरच्या छोट्या खिडकीशी नाक लावून उभी होते. दारात हे ओळखणारे घरमालक पंचा सावरत उभे. त्यांच्यामागे नाकाला ओढणी लावलेली त्यांची गरोदर मुलगी. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पोटासाठी बाई कुठे कुठे चढते, ते आमच्या घरच्यांनी पाहिलं असतं तर चार दिवस हसले असते.

माझा धंदा हवेचा. एसी आणि एक्झॉस्टची मी इंजिनिअर. मोठ्या कंपनीतून निवृत्त झाले आणि आता हॉटेलांच्या किचनमधला धूर, वास, उकाडा यांची दुखणी बघते. माहेर बेळगावचं, संसार बंगळुरात चामराजपेटला. आणि खाण्याचं म्हणाल तर शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. म्हणून नचिकेतचा फोन आला तेव्हा मी आधीच सांगून टाकलं, "मासे मी खात नाही. वास मात्र घेईन."

नचिकेत पुण्याचा. आयटीत होता, कंपनीने कधी तोक्यो, कधी लिस्बन, कधी बँकॉकला पाठवलं. कामाच्या जागा विसरला, तिथले मासे विसरला नाही. शेवटी नोकरी सोडली आणि इलेक्ट्रॉनिक सिटीत एका इमारतीच्या तळमजल्यावर बारा टेबलांचं हॉटेल काढलं. मेन्यूत जगभरचे मासे, प्रत्येक देशाचा एकच पदार्थ.

करणारी मात्र कारवारची शैलाअक्का. पन्नाशीची, ठेंगणी, कमी बोलणारी. लिस्बन कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हतं आणि त्याचं तिला दुःखही नव्हतं. नचिकेत पदार्थ एकदा समजावून सांगायचा. पहिल्यांदा ती तसा करायची. दुसऱ्यांदा केला की तो गप्प होऊन खायचा. "तिकडे खाल्ला त्याहून चांगला," हे त्याचंच वाक्य.

भांडण वासाचं होतं. वर तीन मजले फ्लॅट. पहिल्या मजल्यावर रंगप्पा मेष्ट्रू, म्हणजे रिटायर्ड मास्तर. त्यांची नोकरी निपाणीकडे झालेली, त्यामुळे माझ्याशी हौसेने मराठी बोलत. मुलगी सुषमा बाळंतपणाला माहेरी आलेली. माशांचा वास आला की तिच्या पोटात अन्नाचा कण टिकत नसे. वजन वाढायचं सोडून उतरत होतं आणि डॉक्टरने दोघांनाही फैलावर घेतलं होतं.

"मुलगा चांगला आहे हो," मेष्ट्रू म्हणाले. "पण माझी मुलगी जेवत नाही. मी काय करू?"

असोसिएशनने ठरवलं होतं: रविवारच्या मीटिंगपर्यंत वास थांबला नाही, तर गाळ्याच्या मालकाने हॉटेलचं अॅग्रीमेंट संपवायचं. मी पोचले तो मंगळवार होता.

आता थोडं शास्त्र सांगते, घाबरू नका. किचनमध्ये दोन पंखे असतात. शेगडीवरच्या मोठ्या चिमणीतून हवा बाहेर ओढणारा एक, तो एक्झॉस्ट. बाहेरची ताजी हवा आत ढकलणारा दुसरा, तो फ्रेश एअर. नियम एवढाच की ओढायचं जास्त आणि ढकलायचं कमी. म्हणजे किचन कायम बाहेरची हवा आत घेत राहतं आणि वास चिमणीवाटे थेट गच्चीवर जातो. ही हवा कुठल्या दिशेने चालली आहे ते बघायला महागडी यंत्रं मिळतात. मी उदबत्ती वापरते.

उदबत्ती घेऊन मी किचनभर फिरले. फॉल्स सीलिंगच्या वर एक भोक सापडलं. ड्रेनेजचा पाइप तिथून शाफ्टमध्ये जात होता. शाफ्ट म्हणजे फ्लॅटच्या बाथरूमच्या खिडक्या जिथे उघडतात ती पाइपांची उभी पोकळी. मला वाटलं, चोर सापडला! भोकाशी उदबत्ती धरली, तर धूर किचनमध्येच खेचला गेला. हवा आत येत होती, बाहेर जात नव्हती. भोक निर्दोष.

"मॅडम, तुमच्या उदबत्तीला देव पावला नाही वाटतं," नचिकेत म्हणाला. चेहरा हसरा ठेवला होता, पण डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"तक्रार नक्की कधीपासून वाढली?"

"तीच तर गंमत आहे. आधी थोडा वास जायचा. म्हणून आधीच्या कॉन्ट्रॅक्टरने डबल कपॅसिटीचा फॅन बसवला. तेव्हापासून जास्त येतो."

फॅन मोठा केल्यावर वास वाढला? माझ्या सगळ्या नोकरीत हे कधी ऐकलं नव्हतं. घरी येऊन कागदावर दहा आकडेमोडी केल्या. एकही जुळली नाही. ती रात्र मी अशी चिडचिडीत काढली की नवऱ्याने दुसऱ्या खोलीत जाऊन वर्तमानपत्र वाचलं.

गुरुवारी मी दुसरी युक्ती काढली. हॉटेल दुपारी बंद असतं तेव्हा अक्काने एकेक पदार्थ करायचा, नचिकेतने फोनवर नाव सांगायचं आणि मी मेष्ट्रूंच्या बाथरूममध्ये वास घ्यायचा. अक्काने फक्त मान हलवली.

पहिला पोर्तुगालचा. मीठ चोळून जाळावर भाजलेल्या तारल्या. नचिकेत म्हणाला, "मॅडम, हा सगळ्यात डेंजर, खाली धूरच धूर झालाय." मी खिडकीशी नाक लावून उभी राहिले. वर काहीही आलं नाही. दुसरा आपल्याच कारवारचा, तिरफळ घातलेला बांगडा. तिरफळ म्हणजे केवढ्या बोलक्या वासाचा मसाला! तोही नाही. तिसरा थायलंडचा, वाफेवर शिजवलेला जिताडा, वरून लिंबू आणि लसूण. आजाऱ्याला द्यावा इतका सौम्य पदार्थ. आणि नेमका तो आला, असा की मेष्ट्रूंनी माझ्याआधी ओळखला. चौथा फ्रान्सचा, बटर पेपरच्या पाकिटात बंद करून ओव्हनमध्ये भाजलेली सुरमई. पाकिटातला मासा तो, त्याचा वास बाहेर कसा पडणार? तोही आला. सुषमा तोंडावर हात धरून आत पळाली.

मी झाकणावरून उतरले. ओरडणारे पदार्थ गप्प आणि कुजबुजणारे पदार्थ वरपर्यंत. ही चूक पंख्याची असूच शकत नव्हती. पंख्याला तारली आणि जिताडा यांतला फरक कळत नाही. तो कळतो माणसाला.

नचिकेतला फोनवर म्हटलं, "पाचवा सुरू करा," आणि कोणाला न सांगता मागच्या जिन्याने खाली आले. पाचवा जपानचा होता. मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टच्या पातळ रशात मंद शिजणारा बांगडा. नचिकेत बाहेर टेबलाशी फोन धरून उभा. किचनमध्ये अक्का एकटी. दारातून मी बघत राहिले.

तिने झाकण किलकिलं केलं. भिंतीकडे हात गेला आणि एक्झॉस्ट बंद झाला. ती पातेल्यावर वाकली. डोळे मिटले. एक श्वास, दुसरा, तिसरा. मग पातेलं खाली उतरलं आणि फॅन पुन्हा सुरू. दोन मिनिटंही झाली नसतील.

माझ्या डोक्यात सगळे आकडे टकाटक जुळले. ओढणारा पंखा बंद, पण ढकलणारा चालूच. किचन फुग्यासारखं भरणार आणि त्या निर्दोष भोकातून सगळा वास शाफ्टमध्ये, तिथून सरळ सुषमाच्या ताटावर. मी मंगळवारी उभी होते तेव्हा अक्काने लाजेखातर स्विचला हात लावला नव्हता.

"अक्का, फॅन का बंद केलात?"

ती दचकली. नचिकेत धावत आत आला. त्याला कळलं तेव्हा त्याचा तोल गेला.

"तुम्ही? इतके दिवस मी लोकांच्या पाया पडतोय आणि तुम्ही फॅन बंद करत होतात? मी थर्मामीटर आणून दिलाय ना तुम्हाला?"

अक्काचे डोळे भरले. पण ती बोलली, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच इतकं बोलली.

"सर, तुमचा तो काटा सांगतो तोपर्यंत नुस्तं वाळलेलं असतं." नुस्तं म्हणजे कारवारकडे मासळी. "कच्च्याला पाण्याचा वास असतो. शिजलेल्याला गोड वास असतो. मधे स्वल्प वेळ कसलाच वास येत नाही. तेव्हा उतरायचं. भाजलेलं डोळ्यांना दिसतं हो, पण वाफेतलं, कागदातलं कसं बघू? तुमचा नवा फॅन सगळंच ओढून नेतो. मला सारखंच वाटतं की आता कसलाच वास नाही. पूर्वी अर्धं मिनिट बंद करायची, आता दोन मिनिटं करावा लागतो."

नचिकेतने चिकटपट्टी आणली आणि स्विच चालू ठेवून वर पट्टी मारली. "आता करा."

तिने पुन्हा जिताडा केला. थर्मामीटर लावून, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे. नचिकेतने एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. मी मासे खात नाही, पण माणसाचं तोंड वाचता येतं. देशोदेशी तो ज्यासाठी वणवण फिरला होता, ते त्या बशीत नव्हतं. त्याने स्वतःच्या हाताने पट्टी काढली.

"अक्का, चुकलो," तो म्हणाला. "पण रविवारचं काय करू, मॅडम?"

मला तेव्हा अक्काबद्दल फार माया वाटली. आम्ही दोघीही नाकावर पोट भरणाऱ्या बायका. मी नाकाने चूक शोधते, ती नाकाने चव शोधते. तिचं नाक बंद करून माझं काम यशस्वी झालं असतं, पण कशासाठी?

नुसतं भोक बुजवून भागलं नसतं. कोंडलेली हवा वाट काढतेच, जिन्याने वर गेली असती. म्हणून शुक्रवारी तीन कामं केली. भोक बुजवलंच. दोन्ही पंख्यांना ड्राइव्ह लावले. ड्राइव्ह म्हणजे मोटरचा रेग्युलेटर समजा. दोन्ही पंखे एकमेकांना असे बांधले की ओढणारा मंदावला की ढकलणारा त्याहून जास्त मंदावेल. आणि अक्काच्या शेगडीखाली पायाने दाबायचं एक बटण दिलं. दाबलं की फॅन हळू होतो आणि दोन मिनिटांनी आपोआप पुन्हा वेग घेतो. बंद मात्र कधीच होत नाही. त्या राक्षसी फॅनचा वेगही कायमचा खाली आणला. एवढ्या किचनला त्याची गरजच नव्हती.

शनिवारी मी पुन्हा मेष्ट्रूंच्या कमोडवर. खाली पाचही देश एकामागून एक शिजले. अक्काने बटण दाबलं की नचिकेत फोनवर "आता!" म्हणायचा. मी वास घेतला. मेष्ट्रूंनी घेतला. शेवटी सुषमाने ओढणी काढून घेतला.

"एनू इल्ला, अप्पा," ती म्हणाली. काहीच नाही. आणि मग, "भूक लागली."

मेष्ट्रूंनी तोंड फिरवलं आणि चष्मा पुसत बसले. रविवारच्या मीटिंगमध्ये तेच पहिले उठले आणि म्हणाले, "सरी, ठीक आहे, माझी तक्रार मागे." पाच मिनिटांत विषय संपला.

निघताना अक्काने मला बसवलं आणि तिरफळ घातलेली तुरीच्या डाळीची आमटी वाढली. भांडी वेगळी काढून, घासून, मुद्दाम माझ्यासाठी. उतरवण्याआधी तिने पायाने बटण दाबलं होतं, मी पाहिलं. अशी आमटी मी आजवर खाल्ली नाही.

रिपोर्टमध्ये 'बिघाडाचं कारण' असा रकाना असतो. नियमाने तिथे 'ऑपरेटरची चूक' असं लिहिता आलं असतं. मी लिहिलं, 'फॅन गरजेपेक्षा मोठा.'

सहा महिन्यांनी सर्व्हिसला गेले. सुषमाची मुलगी तोवर तीन महिन्यांची झाली होती. नचिकेतने सांगितलं, मध्यंतरी मेष्ट्रू नातीला खांद्यावर घेऊन काळजीने खाली आले होते. "काय रे, हॉटेल बंद पडलं काय तुझं? वासच येत नाही!"

मी अक्काला विचारलं, "बटण नीट चालतंय ना?"

"चालतं. पण रविवारी गर्दीत मी त्याच्यावर वीट ठेवते, दाबलेलं राहिलं की फॅन हळूच राहतो."

मी वीट उचलून बाहेर ठेवली आणि वेळ दोनाची तीन मिनिटं करून दिली. तेव्हापासून कुठल्याही साइटवर गेले की 'तुम्ही मशीन बंद करता का' असं मी विचारत नाही. त्याला सगळे 'नाही' म्हणतात. मी विचारते, 'कधी बंद करता?'