करंदीकर आणि आमचं ग्राफिक्स कार्ड

करंदीकरांना घरातली एखादी वस्तू बिघडली असं सांगितलं, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "त्या वेळी घरात कोण कोण होतं?" वस्तू कोणती, ती केवढ्याची, हे सगळं नंतर. आमच्या मिक्सरचं भांडं तडकलं तेव्हा त्यांनी माझ्या पत्नीला, सुनंदाला, हा प्रश्न इतक्या गंभीरपणे विचारला, की ती म्हणाली, "मी एकटीच होते हो, पण मी काही केलं नाही." करंदीकरांनी मान डोलावली आणि म्हणाले, "तसं सगळेच म्हणतात, वहिनी."

ते एका विमा कंपनीच्या जयपूर कार्यालयात दावे तपासायचे. मी बँकेत. दोघांच्याही बदल्या महाराष्ट्रातून झालेल्या आणि तिथल्या मानसरोवर कॉलनीत आमची घरं समोरासमोर. ते मूळचे सांगलीचे. उंच, किरकोळ, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट. हसताना मी त्यांना फार थोड्या वेळा पाहिलं. विनोद मात्र ते पुष्कळ करत असावेत, असं मला अलीकडे वाटू लागलं आहे.

आमची मुलगी मृणाल तेव्हा आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला होती. मे महिन्यात, तिच्या प्रोजेक्टची ज्यूरी, म्हणजे परीक्षकांपुढचं सादरीकरण, दहा-बारा दिवसांवर आलं असताना, कॉम्प्युटरच्या पडद्यावर हिरव्या-जांभळ्या पट्ट्या आल्या आणि मग काहीच दिसेना. वसतिगृहाची एक चारमजली इमारत तिनं त्यात महिनाभर उभी केली होती. ज्यूरीला ती पडद्यावर फिरवून दाखवायची होती. दाखवता आली नाही तर वर्ष जाणार. कॉलनीतल्या मेकॅनिकनं उघडून पाहिलं आणि सांगितलं, बाकी सगळं ठीक आहे, ग्राफिक्स कार्ड गेलं. सुदैवानं कार्ड वॉरंटीत होतं. पावती माझ्याकडे होती. माझ्याकडे सगळ्या पावत्या असतात.

संध्याकाळी करंदीकर आले. मृणाल म्हणाली, "काका, आमचं कार्ड मेलं."

"वस्तू आपण होऊन मरत नाही. तिला कुणीतरी मारतं," करंदीकर खुर्चीत बसत म्हणाले. "त्या वेळी घरात कोण होतं?"

"मी होते. आणि कूलर."

ती थट्टा करत होती. करंदीकर मात्र उठले. त्यांनी खिडकीतला कूलर पाहिला, मग त्याच्या बरोबर समोर ठेवलेलं कॉम्प्युटरचं टेबल पाहिलं. जयपूरच्या उन्हाळ्यात कॉम्प्युटर तापू नये म्हणून ते टेबल मीच तिथे हलवलं होतं आणि त्या कल्पनेबद्दल मला जरा अभिमानही होता. करंदीकरांनी कार्ड हातात घेतलं, नाकाशी नेलं, उजेडात धरलं. सोनेरी कडेवर पांढरट थर धरला होता.

"बोअरचं पाणी?"

"हो."

"क्षार. ओली हवा तुम्ही सरळ याच्या तोंडावर सोडलीत. कॉम्प्युटरला गारवा नको असतो, साठे. कोरडेपणा हवा असतो."

मृणालनं तोवर पेन्सिलीचं खोडरबर आणलं होतं. तिनं कार्डाची कड एका कोपऱ्यात घासली आणि ती लगेच चमकली. "बघा. मतलब, दुकानदाराला कळणारच नाही." सुनंदानं माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी पावतीची घडी नीट करत होतो.

"नोंद घेतो," करंदीकर म्हणाले. हा त्यांचा नेहमीचा शब्द. त्याचा अर्थ पसंती की नापसंती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नसे.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं, कार्ड जिथून घेतलं होतं त्या राजा पार्कातल्या दुकानात गेलो. कार्डाची उरलेली कड मृणालनं घासली नव्हती. काकांसमोर तिला ते जमलं नसावं. दुकानदारानं पावती पाहिली, कार्ड उलटसुलट केलं आणि सवयीनं विचारलं, "पानी-वानी तो नहीं लगा?"

मी घसा साफ करत होतो. तेवढ्यात करंदीकर म्हणाले, "लगा है. कूलर के सामने रखा था. पूरा एक महीना."

दुकानदारानं कार्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग करंदीकरांकडे. "साहब, आप इनके साथ हैं ना?"

"साथ ही हूँ."

"तो फिर वॉरंटी नहीं मिलेगी."

"नहीं मिलनी चाहिए," करंदीकर म्हणाले.

मृणाल दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली. मी तिच्यामागे गेलो. "बाबा, हे आपल्याकडून आलेत की दुकानदाराकडून?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या खिशात तीन हजार रुपये होते, तेही वेळप्रसंगासाठी म्हणून घेतलेले. त्यापुढे जाणं त्या महिन्यात शक्य नव्हतं. पण ज्यूरी थांबणार नव्हती, म्हणून आम्ही पुन्हा आत गेलो.

नवं कार्ड घ्यायची वेळ आलीच तर, म्हणून मी आदल्या दिवशी बँकेतून दोन दुकानांना फोन करून भाव विचारले होते आणि दर मेगाबाइटला किती रुपये पडतात ते काढून ठेवलं होतं. त्या हिशेबानं मोठ्या खोक्यातलं, दोनशे छप्पन मेगाबाइटचं कार्ड सगळ्यांत स्वस्त पडत होतं. फक्त ते तीन हजारांत बसत नव्हतं. खोक्यावर तलवार घेतलेली एक बाई होती. मी ते खोकं हातात घेऊन उरलेली रक्कम हप्त्यानं देता येईल का, असं विचारायच्या बेतात होतो.

करंदीकरांनी दुकानदाराला विचारलं, "ये करता क्या है? बच्ची की बिल्डिंग की तसवीर ये बनाता है?"

एरवी त्यानं हो म्हटलं असतं. पण स्वतःच्याच विरुद्ध साक्ष देणारं गिऱ्हाईक त्यानं बहुधा पहिल्यांदाच पाहिलं होतं आणि त्याचा नेम जरा चुकला असावा. त्यानं मृणालला कोणता प्रोग्रॅम वापरतेस ते विचारलं आणि माझ्या हातातलं खोकं हळूच परत घेतलं.

"रहने दीजिए, साहब. फाइनल तसवीर तो प्रोसेसर बनाता है. कार्ड सिर्फ घुमाके दिखाता है. ये तलवारवाली गेम खेलनेवालों के लिए है."

"तो घुमाने लायक दिखाइए," करंदीकर म्हणाले. "और जिसमें पंखा न हो. पंखा धूल खींचेगा."

जुन्या कार्डाची कड पाहून दुकानदारानं त्याच खाचेत बसणारं एक साधं कार्ड दाखवलं. पंखा नव्हता, नुसत्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. मेमरी माझ्या हिशेबातल्या कार्डाच्या निम्मी. दर मेगाबाइटला ते महाग पडत होतं, हे मी करंदीकरांच्या कानावर घातलं.

"साठे, तुम्ही भाजी घेताना पिशवीचं माप काढता का?"

तीन हजारांत कार्ड आलं आणि कॉम्प्युटरसाठी थोडी जास्तीची मेमरीही आली. ती दुकानदारानंच सुचवली. म्हणाला, तसवीर लवकर निघेल. टेबल आम्ही कूलरपासून दूर, आतल्या भिंतीला लावलं. तिथे इतकं उकडायचं, की मृणाल गळ्याभोवती ओला टॉवेल घेऊन बसायची.

ज्यूरीच्या दिवशी तिची इमारत पडद्यावर मान अवघडलेल्या माणसासारखी वळली, पण वळली. ती पास झाली. मी पेढे घेऊन करंदीकरांकडे गेलो. मृणाल आली नाही. "तिला सांगा, पेढे मिळाले," ते म्हणाले. तिनं त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं आणि ते त्यांना दिसत होतं.

त्याच वर्षी त्यांची नागपूरला बदली झाली. सामान ट्रकनं पुढे गेलं होतं आणि करंदीकरवहिनी आधीच पोचल्या होत्या, म्हणून शेवटच्या दिवशी ते आमच्याकडे जेवले. सुनंदानं आग्रह करून वाढलं. कार्डाचे पैसे गेले म्हणून आलेला तिचा राग केव्हाच ओसरला होता. जेवण होत आलं तेव्हा मृणालनं इतक्या महिन्यांनी तोंड उघडलं.

"काका, तुम्ही त्या दिवशी दुकानात गप्प बसला असता, तर काय बिघडलं असतं?"

करंदीकरांनी प्रश्नाचा नीट विचार केला. "काही नाही. कार्ड फुकट मिळालं असतं."

"मग?"

"त्या आठवड्यात माझ्या टेबलावर प्रताप नगरच्या एका बाईचा दावा होता. साड्यांचं दुकान. चोरी झाली, सगळा माल गेला. आमच्या पॉलिसीत कुलूप तोडलेलं असेल तरच पैसे मिळतात. मी विचारलं, कुलूप कुठाय? ती म्हणाली, भाईसाहब, लावायलाच विसरले. मी जायच्या आधी तिनं त्या कुलपावर एक दगड घातला असता, तर तिला पैसे मिळाले असते. ते तिला ठाऊकही होतं. शेजाऱ्यांनी सांगितलं होतं." त्यांनी ताकाची वाटी संपवली. "तिचा दावा मी सकाळी नाकारला. संध्याकाळी तुझ्या हातात खोडरबर पाहिलं."

स्टेशनवर त्यांची बॅग मृणालनं मला उचलू दिली नाही, स्वतःच घेतली.

करंदीकर निवृत्तीनंतर सांगलीला गेले आणि तिथेच वारले. त्याआधी काही महिने आमचं फोनवर बोलणं झालं होतं. मृणालनं मला अनेकदा विचारलेला प्रश्न मी त्यांना त्या वेळी विचारला: त्या बाईचं पुढे काय झालं?

"मी तिला वरच्या ऑफिसात अपील करायला सांगितलं. तिला लिहिता येईना, म्हणून अर्ज मीच लिहून दिला."

"तुमच्याच निर्णयाविरुद्ध?"

"मग आणखी कोणाच्या? त्यातले कच्चे दुवे मलाच ठाऊक होते."

"आणि निकाल?"

"नाकारलं. बरोबरच नाकारलं," करंदीकर म्हणाले. "पण साठे, अर्ज चांगला लिहिला होता हो मी."