घाटावरचे मामाजी

आमच्या मामाजींना अजिंठ्याच्या डोंगराचा जितका अभिमान होता, तितका खुद्द त्या डोंगरालाही नसेल. मामाजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामा. चिखलीला त्यांचं मंडप-डेकोरेशनचं दुकान होतं, आणि मंडप घालायचा तर आधी लग्न जमायला हवं, म्हणून सोयरिकी जुळवण्याचं कामही त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात हा डोंगर मधोमध आडवा पडलेला आहे. वर चिखली, बुलढाणा. खाली मलकापूर, नांदुरा. त्यामुळे नवा माणूस भेटला की आमच्याकडे गावाचं नाव नंतर विचारतात, आधी विचारतात, ‘घाटावरचे की घाटाखालचे?’ बाकीचे लोक विचारतात आणि विसरून जातात. मामाजी त्या उत्तरावरून माणसाची अख्खी पत्रिका मांडत.

माणूस आईबापाच्या पोटी येतो, पण घडतो तो डोंगराच्या कोणत्या अंगाला राहतो त्यावर, असं त्यांचं पक्कं मत होतं. “खालच्या काळ्या मातीले हातभर भेगा पडतात,” ते सांगत, “म्हून तिथली माणसं पोटातलं सारं बोलून टाकतात. आपली जमीन मुरमाड. पाणीबी मुरते अन् रागबी मुरते.” घाटाखालचं पाणी खारं, म्हणून तिथल्या बायकांची जीभ तिखट. वरची हवा थंड, म्हणून इकडचे पुरुष कामाला सावकाश. स्वतःच्या दुपारच्या झोपेचं खापरही ते बेधडक डोंगरावर फोडत. खालून आलेल्या पाहुण्याला ते दोन घोंगड्या देत, मग तो चैत्र असो की वैशाख. आणि डोंगराच्या दोन अंगांमध्ये सोयरीक जमवायची नाही, हा त्यांचा नियम. धाडच्या एका मुलाला नांदुऱ्याकडची मुलगी पसंत पडली, तेव्हा मामाजींनी त्याला दुकानात समोर बसवून समजावलं, “हे पाह्य, घाटाच्या माथ्यावर एकच ढग बरसते. इकडच्या उताराचं पाणी पैनगंगेतून पूर्वेच्या समुद्राले जाते, तिकडच्या उताराचं पूर्णेतून पश्चिमेच्या. पाण्याचं पाण्याशी जमत नाही, तुमचं कसं जमन?” मुलगा म्हणाला, “मामा, मले लग्न करायचं हाय, समुद्रात नाई जायचं.” लग्न झालं. मंडप मामाजींनीच घातला, पण जेवले नाहीत.

अशा माणसाच्या सख्ख्या भाच्यानं घाटाखालची बायको केली, ती मी. माझ्याशी ते प्रेमानंच वागत, पण ते प्रेम परमुलखातून आणून लावलेल्या रोपावर करावं तसं. पहिल्या हिवाळ्यात ते रोज सकाळी दारात येऊन, मी समोर उभी असतानाही, सासूबाईंना विचारत, “सूनबाई तगली ना?” माझं काही चुकलं तर रागावत नसत. “तिचा काय दोष? पाणीच तसं,” म्हणून मोकळे होत. स्वतः मात्र घाट उतरून कधी गेले नव्हते. खाली कुणी नातेवाईक निघाला की त्याला सोबत म्हणून राजूर घाटाच्या माथ्यापर्यंत जायचे, तिथे उतरायचे, “आता पुढं तुमचा मुलूख,” म्हणायचे आणि मिळेल त्या गाडीनं परत यायचे.

माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी नववा लागला तरी माझं माहेरी जाणं पावसामुळे लांबत होतं. यजमान कामासाठी बाहेरगावी होते, सासूबाईंचे गुडघे धरलेले. शेवटी भादव्यात एका दुपारी जरा उघडीप दिसली आणि ओळखीच्या सलीमभाईंची जीप ठरवली. घाटाच्या माथ्यापर्यंत सोबतीला अर्थातच मामाजी. बुलढाणा ओलांडलं तोच पाऊस परत सुरू झाला आणि माझ्या कमरेत कळ आली. मी बोलले नाही. माथ्यावर सलीमभाईंनी गाडी थांबवली. मामाजी एक पाय खाली टाकून माझ्याकडे वळले, ‘आता पुढं’ एवढंच म्हणाले आणि त्यांनी माझा चेहरा पाहिला. मी सीटची कड घट्ट धरून बसले होते. त्यांनी पाय आत घेतला, दार ओढलं. “चाल, सलीम.”

घाटात धुकं उतरलं होतं. एका बाजूला कडा, त्यावरून तांबडं पाणी रस्त्यावर पडत होतं. दुसऱ्या बाजूला नुसती पांढरी पोकळी. अर्धा घाट उतरलो आणि सलीमभाईंनी करकचून ब्रेक लावला. पुढे दरड कोसळली होती. माती, धोंडे, मुळासकट आलेलं एक सागाचं झाड, सगळं रस्त्यावर आडवं. त्यापलीकडे केळीनं भरलेला एक टेम्पो उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर हात हलवून आम्हाला मागे जा म्हणून खुणावत होता.

सलीमभाई गाडी वळवायला मागे बघतात तो आमच्या मागच्या वळणावर मोठा आवाज झाला. जमीन हादरल्यासारखी वाटली. ते उतरून पाहून आले तेव्हा त्यांच्या ओठांना रंग नव्हता. “चाचा, मागंबी आलं. आता ना वर, ना खाली.”

माझ्या कळा आता दमच घेऊ देत नव्हत्या. मी मामाजींचा सदरा धरला आणि म्हणाले, “मामाजी, मला इथं नाही व्हायचं.” त्यांनी खाली उतरून टेम्पोवाल्याला ओरडून विचारलं, “बाई अडली हाय. दवाखान्यात नेशीन का?” पलीकडून उत्तर आलं, “नेतो की! पण इकडं आणसान कशी?”

तेवढ्यात वरून बारीक खडे घरंगळत आले, त्यांच्यामागे नारळाएवढा एक दगड, आणि तो रस्त्यावर आपटून दरीत गेला. त्याचा खाली पोचल्याचा आवाज आलाच नाही. मीही उतरले होते, जीपला टेकून रडायला लागले. मामाजींनी मान वर करून कड्याकडे बराच वेळ पाहिलं. मग कान दिला. मग जणू घरच्या म्हाताऱ्याची खोकल्याची वेळ ओळखावी तशा आवाजात म्हणाले, “झालं त्याचं. आता काही नाही पडत. चाल, पोरी.”

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. दुसरं काय करणार होते? त्यांनी माझा उजवा हात धरला, सलीमभाईंनी डावीकडून दंड. पाय टाकला की चिखल घोट्यापर्यंत गिळत होता. मधेच एक कळ अशी आली की मी गुडघ्यांवर बसले. सलीमभाई “या अल्लाह” म्हणत होते, मामाजी न थांबता, न वर बघता बोलत होते, “हा डोंगर आपला हाय. आपल्या माणसाले नाई काही करत. ऊठ वं. जरासक राह्यलं.” मी उठले. टेम्पोवाला चिखलात पुढे आला आणि त्यानं मला अक्षरशः उचलून घेतलं. टेम्पोत बसून मागे पाहते तो आम्ही आलो त्या वाटेवर पुन्हा माती सरकत होती.

घाटाखाली मोताळ्याच्या दवाखान्यात दिवेलागणीला मुलगी झाली. नर्सनं बाहेर जाऊन सांगितलं तेव्हा चिखलानं माखलेले मामाजी बाकावर बसून टेम्पोवाल्यानं दिलेलं केळं साल न काढता हातात धरून होते, असं ती मला हसत सांगत होती. मग मामाजींनी पाणी मागितलं आणि तिथलंच पाणी तांब्याभर प्यायले. चव कशी होती हे मी पुढे विचारलं, तर म्हणाले, “ध्यान नव्हतं.”

त्यानंतर त्यांनी वर-खाली किती सोयरिकी जुळवल्या, त्याचा हिशेब नाही. मात्र डोंगराविषयीचं त्यांचं बोलणं कमी होत गेलं. लोकांना वाटलं, वय झालं.

गेल्या थंडीत ते अंथरुणाला खिळले. मी भेटायला गेले, उशाशी बसले. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मी सहज विचारलं, “मामाजी, त्या दिवशी दगड थांबले हे तुम्हाला कसं कळलं?”

ते आढ्याकडे पाहत म्हणाले, “कळलं कुठं, पोरी? मले काहीच समजून नव्हतं राह्यलं. साऱ्या जन्मात पह्यल्यांदा घाट उतरून राह्यलो होतो मी. तू रडून राह्यली होती. कोनीतरी काहीतरी बोलाले पाह्यजे होतं.” मग म्हणाले, “डोंगर आपला म्हनतो आपण. तो आपल्याले ओयखतबी नाही.”

मी त्यांचा हात हातात घेतला. वाळलेला, हलका हात. त्या दिवशी दरडीवर तो माझ्या हातातून सारखा निसटत होता, इतका ओला. पाऊस होता, म्हणून ओला असेल, असंच मी इतकी वर्षं समजत होते.