दर्शनाआधी मिळालेला नैवेद्य

गोळ्यांनी आता भागणार नाही, इन्सुलिन सुरू करावं लागेल, असं बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि तेव्हापासून माझं देवाशी बोलणं कमी झालं. पूजा चालू होती, दिवा लागत होता. पण हात जोडले की मनात एकच यायचं, हे माझ्याच वाट्याला का? वालचंदनगरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर बायकोबरोबर निवांत देवदर्शनं करीत हिंडायचं, एवढीच इच्छा होती. त्याऐवजी सकाळी न्याहारीआधी आणि रात्री जेवणाआधी पोटात सुई. सुनेला, नातवंडांना दिसू नये म्हणून मी मोरीचं दार लावून ती टोचून घ्यायचो.

शेवटी नीरा नरसिंहपूरला जायचं ठरवलं. लक्ष्मी-नृसिंह आमचं कुलदैवत. त्याच्यासमोर उभं राहून, ही सुई सुटू दे, एवढंच मागायचं होतं. दर्शन झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, ही आमच्या घरची रीत. इन्सुलिन चुकवायचं नाही, हे डॉक्टरांचं बजावणं. म्हणून सकाळी इन्सुलिन घेतलं आणि काही न खाताच एकटा निघालो. देवाचा आणि डॉक्टरांचा, दोघांचाही शब्द राखला, असंच मला वाटत होतं.

इंदापूरपर्यंत बरं होतं. बावड्याला उतरलो आणि पुढची गाडी काही येईना. ऊन चढलं. बाकावर बसल्या बसल्या हात कापायला लागले, सदरा घामानं भिजला. उपासाचा थकवा असेल म्हणून मी डोळे मिटून नेहमीचं स्तोत्र सुरू केलं, पण पुढची ओळ आठवेना. लहानपणापासून पाठ असलेलं स्तोत्र. तेव्हा मात्र मी घाबरलो. कुणाला हाक मारावी तर जीभ जड झालेली.

शेजारच्या बाकावर एक नवी नवरी आणि तिची सासू बसल्या होत्या. नंतर कळलं, ती डाळजची माणसं, पूर्वी घरात मेंढरं होती, आता शेती. लग्नानंतर पहिल्यांदाच सुनेला घेऊन देवाला निघाली होती. ती मुलगी उठून माझ्यासमोर उकिडवी बसली.

"आबा, तुमाला शुगर हाय का?"

मी मान डोलावली.

"इन्सुलिन घेतलंय? वर काय खाल्लं का न्हाय?"

"दर्शन... झाल्यावर," एवढंच मला बोलता आलं.

तिनं पर्समधून साखर तपासायचं यंत्र काढलं, नवी सुई लावून माझ्या बोटाला टोचलं आणि आकडा पाहून सासूला म्हणाली, "आत्या, लई कमी हाय." मग ग्लुकोजची पावडर पाण्यात ढवळून पेला माझ्या ओठांना लावला. मी तोंड फिरवलं. आज ते वेडेपणाचं वाटतं. पण त्या वेळी रीत मोडायची नाही, एवढंच डोक्यात उरलं होतं.

तेव्हा सासूनं पिशवीतून पंचामृतासाठी आणलेली साखरेची पुडी काढली आणि त्यातली चिमूटभर साखर पेल्यात टाकली.

"आता ह्ये देवाचं झालं. घ्या आबा. देवाला काय सांगायचं त्ये मी सांगते."

मी प्यायलो. हळूहळू घाम ओसरला, समोरची माणसं स्पष्ट दिसू लागली. मुलीनं थोड्या वेळानं पुन्हा बोट टोचून पाहिलं. साखर वर आली होती. "आता पोटात कायतरी पायजे, न्हायतर परत उतरंल," ती म्हणाली. सासूनं फडक्यात बांधलेला डबा सोडला. आत देवासाठी केलेल्या पुरणपोळ्या होत्या.

"अहो, नैवेद्य उष्टा होईल," मी म्हणालो.

"हू दे. नारळ हाय, त्यावर भागंल त्याचं."

स्टँडच्या बाकावर बसून देवाच्या आधी मी ती पोळी खाल्ली. खाताना डोळ्यांतून पाणी येत होतं.

मला एकटं सोडायचं नाही म्हणून त्यांनी नरसिंहपूरला बरोबरच नेलं. गाभाऱ्यासमोर उभा राहिलो. जे मागायला आलो होतो ते ओठांवर येईचना. सासूनं मात्र शब्द पाळला. नारळ ठेवून तिनं देवाला मोठ्यानं सांगितलं, "पोळी एका भक्ताला दिली, राग मानू नको."

दर्शनानंतर मंडपाबाहेर आम्ही तिघं जेवायला बसलो. नवरीनं हिरव्या बांगड्या मागं सारल्या, पदराआड इन्सुलिनचं पेन धरून पोटात टोचून घेतलं. माणसं येत-जात होती, तिला त्याचं काहीच नव्हतं. तिला शाळेत असल्यापासून हा आजार होता, आणि बघायला आलेल्यांना तो तिनं पहिल्याच दिवशी सांगितला होता. सासू तिचं ताट हातात धरून थांबली होती.

"झालं?"

"व्हय."

"मग जेव आता."

इतकं साधं बोलणं. त्या आजाराला त्या घरानं पाट मांडून दिला होता, आणि मी माझ्या घरात त्याला मोरीत कोंडून ठेवलं होतं.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं आणि डॉक्टरांनाही फोन केला. इन्सुलिन घेतल्यावर उपाशी राहायचं नाही, त्यांना विचारल्याशिवाय उपास धरायचा नाही, हे त्यांनी पुन्हा समजावलं. ती माणसं नेमकी त्याच बाकाशेजारी कशी होती, याचा मी फार विचार करत नाही. होती, एवढं पुरे. देवावर भार टाकायचा म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हातून काही घ्यायचं नाही, असं मी इतकी वर्षं समजत होतो. आता वाटतं, तो ज्या हातांनी देतो, त्या हातांनी मुकाट्यानं घ्यावं, हीही शरणागतीच. काल रात्री जेवणाआधी सगळ्यांसमोर सुई टोचून घेतली, तेव्हा नातीनं विचारलं, "आजोबा, दुखतं का हो?" मी म्हणालो, "थोडंसं," आणि तिला जवळ बसवून घेतलं.