कंसातले अठरा बाइट

चिखलीच्या वर्कशॉपमध्ये कामाला लागले तेव्हा माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात चौसष्ट जीबीचा पेनड्राइव्ह होता आणि डोक्यात डिप्लोमाची हवा. तिथली धातू कापायची मिलिंग मशीन सेकंडहँड, माझ्याहून वयाने मोठी. तिच्या माहितीपुस्तकात मेमरी लिहिली होती तीनशे वीस मीटर. मला हसूच आलं. मेमरी काय कापड आहे, मीटरने मोजायला?

मशीन चालवणारे मामा लातूरकडचे. ते म्हणाले, "आधी प्रोग्राम कागदी पट्टीवर भोकं पाडून यायचे. तेवढी पट्टी हिच्या पोटात मावती."

मी हिशोब केला. एक अक्षर म्हणजे एक बाइट, मीटरभर पट्टीत साधारण चारशे अक्षरं. सगळे मिळून सव्वाशे केबी. माझ्या फोनमधला एक फोटोही त्यात मावला नसता. एक हजार चोवीस बाइटचा एक केबी, हे लिहून मी परीक्षेत मार्क मिळवले होते; पण केबी केवढा असतो ते मला त्या दिवशी कळलं. वहीचं एक भरलेलं पान.

पुढे एका नव्या जॉबचा, म्हणजे नव्या पार्टचा, प्रोग्राम मशीनमध्ये मावेना. जागा करायला मी मामांचे जुने प्रोग्राम उघडले. त्यांनी जागोजागी कंसात मराठी वाक्यं टाकली होती, इंग्रजी अक्षरांत. इथं माप बघ. इथं क्लॅम्प फिरव, म्हणजे जॉब धरणारा चिमटा कटरच्या वाटेतून बाजूला कर. कंसातलं मशीन वाचत नाही, जागा मात्र खातं. मी सगळे कंस उडवले, सहा केबी मोकळे केले आणि कोणाला सांगायची गरजही मला वाटली नाही.

आठवड्याने त्यातलाच एक जॉब परत आला. प्रोग्राम मध्येच थांबला. मामांना वाटलं माप बघायचं असेल. त्यांनी माप बघून बटण दाबलं आणि कटर न फिरवलेल्या क्लॅम्पवर आदळून तुटला.

मालक आले. "मामा, नजर गेली तुमची. पुढच्या महिन्यापासून दुसरा माणूस बघतो."

मामा भांडले नाहीत. चष्मा शर्टाला पुसत म्हणाले, "लिहिलेलं होतं मालक तिथं. मलाच दिसलं न्हाई."

मी शेजारीच उभी होते, मूग गिळून. मोशीला घरापर्यंत स्कूटी कशी चालवली आठवत नाही. नोकरीची भीती होतीच. पण लाज वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. डोळे ठीक असलेला माणूस माझ्यामुळे स्वतःला आंधळा समजून घरी गेला होता.

सकाळी दोघांसमोर सांगून टाकलं, कंस मी काढले. मालकांनी मला चांगलंच झापलं. मामांना ठेवलं, मलाही. कंसांना जागा हवी म्हणून नवा प्रोग्राम मी दोन तुकड्यांत चालवला. मामा दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. एकेक बटण दाबत सगळे कंस परत भरत बसले.

क्लॅम्पच्या वाक्याखाली त्यांनी त्या दिवशी आणखी एक कंस टाकला होता. तो मला कितीतरी महिन्यांनी दिसला. चुकलीस तर सांग. इंग्रजी अक्षरांत, कंस धरून अठरा बाइट.

आता मामा गावी असतात. मशीनही नवी आली, जीबीवाली. प्रोग्राम तिच्यात हलवले तेव्हा मी सगळ्यात आधी ते अठरा बाइट आलेत का ते पाहिलं.